जुन्या मोटारीचे इंजिन का तापते? पाण्याची व तेलाची गळती कशी ओळखावी?

रत्नागिरी जिल्ह्यात चैत्र-वैशाखाचे दिवस म्हणजे हापूस आंब्याच्या तोडणीचे व रवानगीचे दिवस होत. वर्षभर बागेवर केलेल्या खर्चाचे व श्रमांचे फळ याच थोड्या आठवड्यांत पदरात पडावयाचे असते. तोडलेला आंबा पेटीत भरल्यानंतर तो वेळेवर बाजारपेठेत पोहोचणे अत्यंत आवश्यक असते. आणि नेमक्या याच दिवसांत, कडक उन्हात व घाटाच्या चढावर, जुनी मोटार तापून बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडतात.

भारतात १९४७ पासून विलीज जीपची जुळणी होऊ लागली आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर विकासकार्याच्या निमित्ताने जीप खेडोपाडी दिसू लागली. त्यानंतर रस्ते सुधारले, वाहनेही बदलली. तथापि पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या जीपा, मोटारी व मालवाहू गाड्या आजही आपल्या वाड्यावस्त्यांवर काम करीत आहेत. त्यांची निगा राखणे हे बैलाची निगा राखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बैल आजारी पडला तर तो चारा सोडतो, कान पाडतो. शेतकऱ्यास ते तत्काळ कळते. मोटारही आपल्या दुखण्याची चिन्हे दाखविते, परंतु ती वाचण्याची सवय आपणांस नसते. ही चिन्हे कोणती व ती कशी ओळखावीत, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

एक बोधप्रद उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका बागायतदारांची गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. त्यांच्या जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये दररोज सकाळी लिटर-दीड लिटर पाणी घालावे लागत असे. हा क्रम सुमारे तीन आठवडे चालला होता. पाणी घातले की गाडी चालते, एवढ्यावर ते समाधानी होते. एके दिवशी आंब्याच्या पेट्या भरून ते कोल्हापूरकडे निघाले. पाली, नाणीज, साखरपा ही गावे मागे पडली व आंबा घाटाचा चढ सुरू होताच काटा लाल खुणेवर गेला. त्यांनी घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळत्या पाण्याचा फवारा उसळून त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. सोबतच्या माणसाने घाबरून जवळच्या ओहोळाचे थंड पाणी तापलेल्या इंजिनात ओतले आणि इंजिनाच्या हेडला तडा गेला. गाडी ओढून आणावी लागली, पेट्या दिवसभर उन्हात राहिल्या व बरेच फळ वाया गेले.

पुढे तपासणीत असे आढळले की, मूळ दोष केवळ रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीच्या सैल पट्टीत होता. ती पट्टी पेचकसाने आवळण्यास दोन मिनिटे पुरली असती. यावरून एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, पाणी घालणे हा उपचार नव्हे. पाणी कोठे गेले, याचा शोध घेणे हाच खरा उपचार होय.

इंजिन थंड कसे राहते?

इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णताच गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याच्या द्वारे बाहेर काढावा लागतो. यासाठी इंजिनाच्या भिंतीतील पोकळ्यांतून पाणी खेळविलेले असते. वॉटर पंप हे पाणी फिरवितो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या व समोरच्या वाऱ्याने थंड होते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते.

या मार्गावर थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. इंजिन थंड असता ती बंद राहते व पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापले म्हणजे उघडते. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. हे केवळ झाकण नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना उकळते. परंतु वातावरणाच्या दाबाखेरीज दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम एवढा जादा दाब असेल तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. याचमुळे झाकणाचे रबर झिजले तर पाणी लवकर उकळते. आणि याचमुळे तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच दाब नाहीसा होऊन आतील पाण्याची एकदम वाफ होते व माणूस भाजतो.

गाडी केव्हा तापते, यावरून दोष ओळखणे

गाडी तापली एवढेच मिस्त्रीस सांगणे पुरेसे नाही. ती कोणत्या परिस्थितीत तापली, हे सांगितल्यास निम्मे निदान तेथेच होते.

१. गाडी उभी असता किंवा बाजारातील गर्दीत हळू चालत असता तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो : अशा वेळी दोष बहुधा पंख्याचा असतो. पंख्याचा पट्टा सैल झाला आहे काय ते पाहावे. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबले असता तो साधारणतः अर्धा इंच दबावा. याहून फार अधिक दबल्यास तो सैल आहे असे समजावे. विजेवर चालणारा पंखा असल्यास काटा वर गेल्यावर तो फिरू लागतो की नाही, हे पाहावे.

२. गाडी उभी असता ठीक राहते, परंतु चढावर व ओझे असता तापते : येथे पाणी पुरेसे थंड होत नाही किंवा पुरेसे फिरत नाही. रेडिएटरच्या जाळीत आपल्याकडील जांभ्याची तांबडी धूळ, गवताची कुसळे व किडे बसतात, त्यामुळे वारा आत शिरत नाही. आतील नळ्यांत गंज व क्षार साचल्यासही असेच घडते. वॉटर पंपाची पाती झिजली असल्यास, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटी होत असल्यास हाच परिणाम दिसतो.

३. सकाळी गाडी सुरू करून थोडे अंतर जाताच तापते : पाणी कमी असावे, अथवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असावा. पाणी पुरेसे असूनही इंजिन तापले व वरची नळी मात्र गार राहिली, तर थर्मोस्टॅटचा संशय घ्यावा. वरची नळी तापलेली व खालची अगदीच गार असेल, तर रेडिएटर आतून तुंबला असण्याचा संभव असतो. नळी चाचपताना फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवावा.

४. वर गेलेला काटा एकाएकी खाली येतो, पण बॉनेटमधून वाफ निघतच असते : हे चिन्ह अत्यंत गंभीर आहे. इंजिन थंड झाले असे मुळीच समजू नये. उष्णता मोजणाऱ्या अवयवाभोवतीचे पाणी संपल्यामुळे काटा फसवा झालेला असतो. गाडी तत्काळ थांबवावी.

याशिवाय चाकाचा ब्रेक धरून राहणे, प्रमाणाबाहेर ओझे, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणे आणि इंजिनातील तेल कमी असणे, या कारणांनीही इंजिन तापते. म्हणून सर्व दोष पाण्याच्याच माथी मारू नये.

गळती ओळखण्याची सोपी पद्धत

रात्री गाडी सपाट जागी उभी करावी व आंब्याचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके उलगडून ते इंजिनाखाली व चाकांच्या आतील बाजूंस पसरावे. पुढील चाके कोठे आहेत, याची खूण पुठ्ठ्यावर करावी. सकाळी डाग कोठे पडला, त्याचा रंग कोणता, तो चिकट आहे की पातळ, त्यास वास कसला येतो, या गोष्टी पाहाव्यात. डागाची चव मात्र कदापि घेऊ नये.

हिरवा, तांबडा, गुलाबी अथवा निळा, किंचित चिकट व गोडसर वासाचा डाग : हे कूलंट, म्हणजे रेडिएटरचे रंगीत पाणी होय. ते वाळल्यावर नळीच्या जोडावर किंवा रेडिएटरच्या कडेला पांढरट वा रंगीत पूड राहते. तिचा माग काढीत गेल्यास गळतीचे मूळ सापडते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र असते. तेथून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील गेले असे समजावे.

तपकिरी किंवा काळा, बोटांस निसरडा डाग : हे इंजिनाचे तेल. वाऱ्यामुळे ते मागे व खाली पसरते, म्हणून डाग पडला त्याच्या नेमके वर दोष असेलच असे नाही. इंजिन पुसून स्वच्छ करावे, थोडे चालवावे आणि सर्वांत वर ओलावा कोठे दिसतो ते पाहावे.

जाड, मधासारखा व उग्र वासाचा डाग : हे गिअरचे तेल. ते गाडीच्या मध्यभागी अथवा मागील आसाखाली आढळते.

तांबडा, पातळ व तेलकट डाग : तो पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा असू शकतो. कूलंटही तांबडे असते, परंतु ते पाण्यात सहज मिसळते. तेल पाण्यावर तरंगते. भांड्यातील पाण्यात दोन थेंब टाकून ही परीक्षा करता येते.

पातळ, फिकट पिवळा डाग, चाकाच्या आतील बाजूस किंवा पायातील पेडलजवळ : हे ब्रेकचे तेल असू शकते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत अजिबात चालवू नये. इंजिन तापल्यास पैशाचे नुकसान होते; घाट उतरताना ब्रेक गेल्यास माणसे प्राणास मुकतात.

डिझेल किंवा पेट्रोलचा वास : विडी-काडी व दिवा दूर ठेवून गाडी सुरू न करता मिस्त्रीस बोलवावे.

काही डाग निरुपद्रवी असतात. वातानुकूलन यंत्र असलेल्या गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी हे हवेतील दमटपणाचे असते. तसेच राखीव बाटली नसलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी भरल्यास, तापून फुगलेले पाणी बाजूच्या नळीने सांडते. ती गळती नव्हे. अशा रेडिएटरमध्ये वर सुमारे एक इंच जागा मोकळी ठेवावी.

न दिसणारी गळती

पुठ्ठा कोरडा राहतो, तरीही रोज पाणी कमी होते, असेही कधी कधी घडते. यावेळी पाणी इंजिनाच्या आतच जात असल्याचा संशय घ्यावा. इंजिनाचा मुख्य ठोकळा व त्यावरील हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ गादी असते. ती जळाली, अथवा हेड वाकले म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरते. त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे होत : इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे; तेलाची पट्टी काढून पाहता तेल दुधाळ चहासारखे दिसणे; रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येणे; आणि थंड इंजिन झाकण काढून सुरू केले असता पाण्यात सतत बुडबुडे उठणे.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. आपल्या जिल्ह्यातील पावसाळी दमट हवेत गाडी केवळ जवळच्या अंतरावर फिरविल्यास तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. तेलाच्या पट्टीवरील तेल स्वच्छ असेल व पाणी कमी होत नसेल, तर त्याने घाबरून जाऊ नये. मात्र पट्टीवरील तेलच दुधाळ झाले असेल, तर इंजिन सुरू करू नये. कारण पाणी मिसळलेले तेल वंगणाचे काम करीत नाही व बेअरिंगे झिजून जातात.

रस्त्यात गाडी तापल्यास

काटा लाल खुणेकडे जाऊ लागताच ओझे कमी करावे, म्हणजे वातानुकूलन बंद करावे व खालच्या गिअरमध्ये सावकाश चालावे. गाडीत उबेसाठी हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा; त्यायोगे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. तेवढ्याने काटा न उतरल्यास, किंवा वाफ दिसल्यास, पुढील वळणापर्यंत जाण्याचा मोह टाळून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे व चाकांस दगडाची उटी लावावी. वाफ ओसरल्यावरच बॉनेट उघडावे.

यानंतर किमान अर्धा ते पाऊण तास वाट पाहावी. वरची रबरी नळी हातास सोसवेल इतकी थंड झाल्याशिवाय झाकणास हात लावू नये. मग जाड फडके ठेवून, तोंड बाजूस करून, झाकण प्रथम थोडेसेच फिरवावे व राहिलेला दाब निघून गेल्यावर पूर्ण काढावे. पाणी एकदम न ओतता, इंजिन संथ चालू ठेवून, थोडे थोडे घालावे. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते, हे आपल्या गावच्या लोहारास विचारले तरी तो सांगेल.

काही गैरसमज

गळक्या रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. अडचणीच्या प्रसंगी बारीक छिद्र तिने काही काळ बुजते हे खरे. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. म्हणून घर गाठल्यावर रेडिएटर धुऊन खरी दुरुस्ती करावी.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेस लवकर पोहोचत नाही, इंधन अधिक लागते व झीज वाढते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंट कशाला, असे काही जण म्हणतात. कूलंट पाण्याचा उकळण्याचा अंश वाढविते व गंज रोखते. म्हणून ते उष्ण प्रदेशातही उपयुक्त आहे. ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात व शुद्ध पाण्यातच मिसळावे आणि निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. खाडीकाठच्या विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नये. त्यातील मिठाने धातू गंजतो.

आणखी एक इशारा गुरे पाळणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड लागते, परंतु विषारी आहे. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, परसात अथवा ओहोळात ओतू नये. सांडलेले कूलंट तत्काळ धुऊन काढावे. मुले, गुरे व कुत्री यांना त्यापासून दूर ठेवावे.

हंगामापूर्वी करावयाची तपासणी

पावसाळ्यात पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात व रबरास चिरा पडतात. म्हणून आंबा उतरू लागण्यापूर्वी, म्हणजे फाल्गुनातच, पुढील कामे उरकून घ्यावीत. सर्व रबरी नळ्या थंड असता दाबून पाहाव्यात. फार मऊ, फुगलेल्या अथवा चिरलेल्या नळ्या बदलाव्यात. पट्ट्या आवळाव्यात. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. झाकणाचे रबर पाहावे. गळती संशयास्पद असल्यास मिस्त्रीकडून हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब देऊन परीक्षा करवून घ्यावी. या रीतीने इंजिन न तापविता गळती दिसते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. गाडीत एक साधी वही ठेवण्याची सवय आपल्या गावातील बागायतदारांस लावावी. दर आठवड्यास तारीख, गाडीचे किलोमीटर, किती पाणी घातले व किती तेल घातले, एवढीच नोंद तीत करावी. पाण्याचा आकडा वाढू लागला की गळती सुरू झाली, हे वहीच सांगेल. हेच नियम पाण्याने थंड होणारी पंपाची इंजिने व ट्रॅक्टर यांनाही बहुतांशी लागू पडतात.

वर उल्लेखिलेल्या बागायतदारांनी आता अशी वही ठेवली आहे. त्यांच्या हातावरील व्रण अद्याप दिसतो व तो ते इतरांस मुद्दाम दाखवितात. आपणांस तो धडा भाजून घेऊन शिकण्याची गरज नाही. रोज सकाळी इंजिन थंड असता पाणी पाहावे, तेलाची पट्टी पाहावी, गाडीखाली वाकून एकवार नजर टाकावी. आणि पाणी कमी दिसल्यास ते भरताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा की, कालचे पाणी गेले कोठे?